टंच पास, नाणं नापास: कोल्हापुरातल्या सात चांदीच्या नाण्यांची तपासणी

कोल्हापुरात चांदीची कुठलीही वस्तू दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला: टंच किती, म्हणजे चांदी किती शुद्ध? गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, हा प्रश्न विचारतात, चांदीकामाच्या हुपरी गावात तर तो जन्मापासून कानावर असतो. दागिन्याच्या बाबतीत तो रास्तच आहे. प्राचीन नाण्याच्या बाबतीत मात्र तो सगळ्यात शेवटी विचारायचा, आणि त्याचं उत्तर कसंही आलं तरी त्यावर निकाल द्यायचा नाही. पुढे मांडलेलं प्रकरण नेमकं याच मुद्द्यावर अडलं होतं.

खरेदी

संग्राहक नवा, तिशीच्या आतला. हुपरीत वडिलांचा चांदीच्या कास्टिंगचा व्यवसाय, तोही त्यातच. शिवराई, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, गोळा करता करता तो मागच्या काळात शिरला. ब्राह्मी लिपीची अक्षरओळख त्याने स्वतः घरी बसून करून घेतली. हे मुद्दाम सांगतो, कारण फसतो तो आळशी किंवा हावरा असतो असा एक समज आहे. हा पोरगा दोन्ही नव्हता.

आठवडी बाजारात जुनं-पुरं विकणाऱ्या एकाशी त्याची ओळख झाली. पुढे व्हॉट्सॲपवर फोटो येऊ लागले. त्यातून पश्चिम क्षत्रपांची, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या प्राचीन शक राजांची, सात चांदीची नाणी त्याने एकगठ्ठा घेतली, एकूण साडेअकरा हजारांना. पैसे जीपेवर दिले, पावती घेतली नाही. विकणाऱ्याने सांगितलेली कथा अशी: २०१९ च्या पुरानंतर पंचगंगेचं पाणी ओसरलं तेव्हा ब्रह्मपुरीच्या टेकडीच्या अंगाला गाळात सापडली.

क्षत्रपांचं नाणं म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षा थोडंसं मोठं, १४ ते १६ मिलिमीटरचं, वजनाला साधारण २ ते २.४ ग्रॅम. एका बाजूला उजवीकडे बघणारा मिशाळ राजा आणि डोक्याच्या मागे शक संवतातलं वर्ष. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, चंद्रकोर, तारा, खाली नागमोडी रेघ, आणि भोवती ब्राह्मीत राजाचं आणि त्याच्या बापाचं नाव. नवशिक्याला यापेक्षा चांगला विषय नाही. नाण्यावरच बाप, मुलगा, पदवी आणि वर्ष लिहिलेलं असतं, आणि ही नाणी फार दुर्मीळ नसल्यामुळे परवडतात. याच स्वस्तपणामुळे लोक बेसावध राहतात. दीड हजाराच्या नाण्याची नक्कल कोण कशाला करेल, असं वाटतं. उलट आहे. लाखाचं नाणं घेणारा दहा जणांना दाखवून घेतो, दीड हजाराचं कोणी तपासत नाही. नक्कल करणाऱ्याला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पहिली तपासणी, जी त्याने स्वतः केली

माझ्याकडे येण्याआधी त्याने बरंच काही करून ठेवलं होतं. नाण्यांना १ ते ७ क्रमांक दिले होते, वजनं वहीत उतरवली होती. क्रमांक १, २ आणि ३ वरचा लेख त्याने चिकाटीने लावला होता: ‘राज्ञः क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’. म्हणजे वीरदामाचा मुलगा, दुसरा रुद्रसेन. डोक्यामागच्या आकड्यात १०० आणि ९० ची चिन्हं स्पष्ट होती, एकक अर्धवट. शक १९० च्या पुढचं काहीतरी. त्यात ७८ मिळवले की इसवी सन २६८ च्या पुढे, आणि या रुद्रसेनाचा काळ इसवी सन २५५ ते २७७ च्या आसपासचा. सगळं चपखल बसत होतं.

मग त्याने सातही नाणी मशीनवर टंच काढायला दिली. १, २ आणि ३ ची चांदी साडेब्याण्णव टक्क्यांच्या आगेमागे निघाली. तो खूश.

“काका, चांदी हाय की खरी. अक्षरं बी लागली. आता खोटं कसं असंल?”

या एका वाक्यात नवशिक्याच्या दोन मोठ्या चुका आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. लेखाचं आधी बघू. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेवर लेख बरोबरच येणार. वर्ष जुळणार, बापाचं नाव जुळणार, डोंगराखालची नागमोडी रेघसुद्धा जागच्या जागी असणार. लेख वाचता येण्याने नक्कल करणाऱ्याने स्वतः कोरलेला बोगस ठसा पकडता येतो. खऱ्यावरून उतरवलेली प्रत त्याने पकडली जात नाही. म्हणजे सगळ्यात विद्वत्तेची वाटणारी कसोटीच इथे नकलेला पास करत होती.

क्रमांक ४ वर मात्र तीच कसोटी चालली. नाणं कोरं करकरीत, वजन २.६१ ग्रॅम, म्हणजे नेहमीपेक्षा जड. डोंगराभोवतीची अक्षरं म्हणजे तीन-चार आकार फिरवून फिरवून पुन्हा वापरलेले. राजाला मिशाच नव्हत्या. हे कोणीतरी नव्याने कोरलेल्या ठशातून काढलेलं, आणि कोरणाऱ्याला ब्राह्मी येत नव्हती. त्याचा निकाल पाच मिनिटांत लागला.

त्याने मात्र क्रमांक ४ ला भलत्याच कारणाने नापास केलं होतं. राजाच्या तोंडाभोवती काही निरर्थक उभ्या रेघा आणि गोल दिसत होते. “हितं लिवलेलं काय लागतच न्हाई,” असं त्याचं म्हणणं. पण ते खऱ्या नाण्यांवरही लागत नाही! क्षत्रपांच्या सुरुवातीच्या नाण्यांवर त्या जागी ग्रीक अक्षरांत लेख असे. पुढे ठसे कोरणाऱ्यांना ग्रीक येईनासं झालं आणि तिथे नुसत्या खुणा उरल्या. त्यामुळे राजाच्या बाजूची अक्षरं अगम्य असणं हा दोष नाही, डोंगराच्या बाजूची अगम्य असणं हा दोष आहे. आणि ५ व ६ या नाण्यांवरही त्याच अगम्य रेघा होत्या. त्याचा नियम लावला असता तर लॉटमधली चांगली नाणीही गेली असती.

तीन सख्खे भाऊ

आता मूळ मुद्दा. १, २ आणि ३ ही तिन्ही नाणी मी एका काळ्या कापडावर शेजारी शेजारी, राजाचं नाक एकाच दिशेला करून मांडली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. काही सांगितलं नाही.

पहिल्यांदा त्याला वाटलं की एकाच ठशातली नाणी सापडली, म्हणजे एकाच निधीतली असणार, म्हणजे सापडल्याची कथा खरी. तर्क वाईट नव्हता. एका ठशाखाली शेकडो नाणी निघत, आणि ती एकत्र पुरली जाणं सहज शक्य आहे. पण ठसा एक असला म्हणजे काय काय सारखं असायला हवं, हे नीट समजून घ्यायला हवं. ठशावर जे कोरलेलं आहे तेवढंच सारखं येणार: नाक, मिशी, अक्षरांची वळणं, ठशाला गेलेला तडा असला तर तोही. चांदीची चकती मात्र दर वेळी वेगळी असते. ती हाताने ठेवायची, वरून हातोडा मारायचा. एकदा चित्र डावीकडे सरकणार, एकदा वर जाणार. एका चकतीच्या कडेला चीर पडणार, दुसऱ्या चकतीच्या पडणार नाही. शिवाय नाणं वापरात आल्यावर लागलेले टोचे आणि ओरखडे तर ज्याचे त्याचेच.

“चित्र सोड. कडा बघ,” एवढंच मी म्हणालो.

तिन्ही नाण्यांचा परीघ सारखा वाकडा होता. घड्याळात चार वाजता काटा जिथे असतो तिथे तिन्हींच्या कडेला चीर. तिन्हींत चित्र तेवढंच वर सरकलेलं, त्यामुळे तिन्हींत राजाच्या केसांचा वरचा भाग चकतीबाहेर गेलेला. आणि राजाच्या गालावर, मिशीच्या टोकाच्या जरा मागे, एक तिरका टोचा. तिन्हींवर. त्याच कोनात.

चकतीची चीर आणि गालावरचा टोचा ठशात नसतात. ते एका विशिष्ट नाण्याच्या नशिबी आलेले असतात. तीन नाण्यांच्या नशिबी एकच टोचा येत नाही. तिन्ही एकाच मूळ नाण्यावरून उतरवलेली आहेत, यात शंकेला जागाच उरली नाही. नकली नाणं ओळखण्याच्या जितक्या कसोट्या मला माहीत आहेत त्यात ही सगळ्यात पक्की. तिला भिंगाव्यतिरिक्त काही लागत नाही. फक्त भावंडं एकत्र दिसायला हवीत, आणि चतुर विक्रेता ती एकत्र दिसू देत नाही. एक कोल्हापुरात विकतो, एक सांगलीत, एक इचलकरंजीत. इथे त्याने आळस केला म्हणून आपलं काम झालं.

तिघांत एखादं मूळ असू शकेल का, हा प्रश्न पोराने आपण होऊन विचारला. चांगला प्रश्न. त्याचं उत्तर चिरेत होतं. खऱ्या नाण्याची चीर आरपार जाते किंवा निदान आत खोल काळी दिसते, कारण तिथे धातू खरंच फाटलेला असतो. साच्यातून आलेली चीर म्हणजे नुसती पन्हळ, तळ बंद असलेली. तिन्हींच्या चिरा अशा बंद निघाल्या. मूळ नाणं दुसऱ्याच कोणाकडे आहे, आणि बहुधा त्याचा साचाही.

हुपरीचा डोळा

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पोराने नाणी घरी नेली आणि वडिलांसमोर ठेवली. वडिलांना क्षत्रप कोण, शक कुठला, याच्याशी देणंघेणं नाही. त्यांनी क्रमांक २ चिमटीत उभं धरलं, उजेडाकडे कड फिरवली आणि म्हणाले, “ह्ये वतीव हाय, पाडल्यालं न्हवं. बग, कानस मारलीया.”

कडेवर बारीक समांतर रेघा होत्या, कानशीच्या. साच्याच्या दोन भागांमध्ये जी शीर उठते ती घासून काढल्याचा तो माग. पुढे वडिलांनीच अक्षरांच्या खाचांमध्ये टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दाखवली. वितळलेल्या चांदीत हवा अडकली की ती अशी उमटते. जमिनीत गंजलेल्या चांदीलाही भोकं पडतात, पण ती वेडीवाकडी असतात, कुरतडल्यासारखी. गोल, गुळगुळीत काठाचं भोक हवेच्या बुडबुड्याचं. ज्या माणसाने आयुष्यभर पैंजणांच्या घुंगरांतली अशी भोकं बुजवली, त्याला हा फरक पुस्तकातून शिकायला लागत नाही.

रंगाचाही निकाल तिथेच लागला. तिन्ही नाण्यांवर एकसारखा काळेपणा होता, खाचांत गडद आणि उंचवट्यावर पुसलेला. पोराला तो ‘जुनाटपणा’ वाटला होता. वडिलांनी ओळखलं: ऑक्सिडाईज केलेल्या दागिन्याला देतात तोच काळा. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन एका कोपऱ्यात घासल्यावर काळ्या रंगाखाली लावलेलं मेणचट काहीतरीही निघून आलं. जमिनीत शेकडो वर्षं राहिलेल्या चांदीवर करडा-जांभळा, कडक, जागोजागी कमीजास्त थर चढतो. तो खाचा आणि उंचवटे असा भेद करत नाही.

इथे एक पोटात राहिलेली गोष्ट सांगून टाकतो. नाणं घरात आलं की चिंच लावून लख्ख करायची आपल्याकडे फार हौस. देवाची भांडी घासावीत तशी लोक नाणी घासतात. त्या घासण्यात नाण्याची किंमत तर जातेच, पण ते खरं की खोटं हे सांगणारा थरही जातो. या लॉटमधलं क्रमांक ७ असंच कोणीतरी घासलेलं आहे, आणि त्याचा त्रास पुढे झाला.

वजन, पाणी, आवाज

या तीन कसोट्यांबद्दल थोडक्यात, कारण यांचा जितका गवगवा आहे तितका उपयोग नाही.

तीन भावंडांची वजनं २.१४, २.०२ आणि १.९७ ग्रॅम. सगळी खऱ्या नाण्यांच्या मर्यादेजवळ बसणारी. कारण पोरानेच सांगितलं, धंद्यातलं असल्याने. रबर, मेण आणि शेवटी धातू, प्रत्येक टप्प्यावर वस्तू थोडी आकसते. म्हणून ते दागिन्याचं मॉडेलच घट धरून मोठं करतात. नाण्याची नक्कल करणाऱ्याकडे मूळ नाणं हेच मॉडेल, ते मोठं करता येत नाही. धरा, लांबी-रुंदी-जाडीत ३ टक्के घट आली. वजनात ती ९ टक्क्यांच्या जवळ जाते: २.२ ग्रॅमचं नाणं २ ग्रॅमचं होतं. पण खरी नाणी मुळातच २ ते २.४ च्या दरम्यान कुठेही असतात, त्यामुळे ही घट वजनात लपून जाते. वजन फक्त क्रमांक ४ सारख्या धडधडीत प्रकारात बोलतं.

पाण्यात बुडवून घनता काढायची युक्ती अनेक जण सुचवतात. २ ग्रॅमचं चांदीचं नाणं ०.२ ग्रॅम पाणी सारतं. दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर ०.०१ ची चूक म्हणजे पाच टक्के चूक झाली. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा सराफी काटा असेल तरच हा खटाटोप करावा, आणि तरीही आतून गंजलेलं खरं नाणं हलकं भरतं हे लक्षात ठेवावं. फरशीवर टाकून आवाज ऐकणं तर बंदच करावं. शतकानुशतकं जमिनीत राहून चांदी ठिसूळ होते. खरं नाणं बद्द वाजतं, नवी ओतीव नक्कल छान किणकिणते, आणि क्वचित खऱ्याचे दोन तुकडे होतात.

टंचाचा आकडा पुन्हा बघताना

मग मशीनचे आकडे काढून बसलो. ज्या आकड्यांनी धीर दिला होता तेच आता उलट बोलायला लागले. तीन नाणी, आणि तिन्हींची चांदी ९२.५ च्या अर्ध्या टक्क्याच्या आत. दागिन्यांसाठी आज जगभर चालतो तोच हा मेळ, स्टर्लिंग. तिसऱ्या शतकातल्या टांकसाळीत तीन वेगवेगळ्या चकत्या अशा अचूक ९२.५ वर उतरणं, हा योगायोग फारच सोयीचा.

टंच काढणारा सहसा चांदीचा आकडा सांगून मोकळा होतो. आम्ही त्याला शिसं आणि सोनं किती दाखवतंय तेही सांगायला लावलं. तीन भावंडांत दोन्ही शून्य. क्रमांक ५ आणि ६ मध्ये मात्र दोन्हींचा अंश सापडला, सोनं अर्ध्या टक्क्याच्या आसपास. जुन्या काळी चांदी शिशाच्या मदतीने शुद्ध करत. त्यातलं थोडं शिसं मागे राहून जाई, आणि चांदीतलं सोनं वेगळं काढण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नसे. आजची चांदी विजेच्या प्रक्रियेने शुद्ध होऊन येते, त्यात हा मळ उरत नाही.

तरीसुद्धा या आकड्यांवर पैज लावू नये. मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं. जमिनीत नाण्याच्या पृष्ठभागातलं तांबं निघून जातं आणि चांदीचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. दुसरं म्हणजे, झिजलेली जुनी नाणी आणि मोडीतली चांदी आटवून त्यातच नक्कल ओतली तर सोनं-शिसं दोन्ही मिळेल. ज्या जिल्ह्याच्या शेजारच्या विटा-खानापूरचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारे, देशभर पसरलेत, तिथे आटवणं अवघड आहे असं कोणी म्हणू नये. म्हणून टंच शेवटी. आधी प्रकार आणि लेख, मग भावंडं आहेत का, मग कड, मग पृष्ठभाग. धातू फक्त आधी झालेल्या मताला दुजोरा द्यायला.

पुराची कथा

सापडल्याची कथा हा पुरावा नव्हे, तो विक्रीचा भाग असतो. पण कोल्हापूरकराला ब्रह्मपुरीचं नाव घेऊन पटवणं सोपं, कारण तिथे खरंच इतिहास आहे. १९४५-४६ च्या सुमाराला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. ब्रह्मपुरीच्याच परिसरातून आलेली, रोमन जगाशी व्यापाराची साक्ष देणारी समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. नवशिक्या संग्राहकाने तिथे अर्धा दिवस घालवावा. खऱ्या जुन्या धातूचा रंग डोळ्यात बसतो, आणि तो फोटोवरून बसत नाही.

कोल्हापूरचं स्वतःचं नाणं मात्र क्षत्रपांचं नाही. इथे मिळतात ती सातवाहन काळातली ‘कुर’ राजांची नाणी: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. एका बाजूला धनुष्यबाण, दुसरीकडे डोंगर आणि झाड, धातू मुख्यतः शिसं. ब्रह्मपुरीच्या गाळातून सात नाणी निघाली आणि त्यात एकही शिशाचं नाही, सगळी गुजरात-माळव्याकडच्या राजांची चांदी, हे ऐकताच भुवई वर जायला हवी.

आणि समजा कथा खरी असती तर? तर ती आणखी वाईट. जमिनीत सापडलेला ठेवा, किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली की, १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. हौशी माणसाने चार नाणी बाळगण्याला मनाई नाही. पण ‘पुरात सापडली’ म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलतोय किंवा स्वतःचा गुन्हा सांगतोय. दोन्ही परिस्थितींत त्याच्याकडून घेऊ नये. पावती मागितली की यातले बरेच जण आपोआप गळतात.

जाता जाता कुर नाण्यांविषयी: गावचा अभिमान म्हणून अनेकांना सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. माझं मत नको असं. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, म्हणजे घरच्या गॅसवर. त्यावर पांढरा भुकटीसारखा थर आणणंही अवघड नाही. शिवाय गौतमीपुत्र विळिवायकुराने आधीच्या सिवलकुराच्या नाण्यांवर आपला ठसा मारलेला सापडतो, त्यामुळे एकात एक गुंतलेली चित्रं खऱ्या नाण्यावरच दिसतात आणि नवशिक्या त्यालाच खोटं ठरवतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या निधीतही हेच. नहपान या आधीच्या क्षत्रप राजाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी, आणि त्यातल्या दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं उमटवलेली. राजाच्या चेहऱ्यावरच डोंगर चढलेला. फोटोत बघितलं तर कोणीही म्हणेल, ठसा घसरलाय.

होनाबद्दल बोलतच नाही. शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनाच्या प्रतिकृती उघडपणे, प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. दोन हात बदलले की त्यातली एखादी ‘आजोबांच्या पेटीतली’ होते. नवशिक्यासमोर अस्सल होन चालून येण्याची शक्यता धरूच नये.

निकाल

क्रमांक १, २, ३: ओतीव नक्कल. क्रमांक ४: नव्या ठशाची नक्कल.

क्रमांक ५ भर्तृदामाचं, रुद्रसेनाच्या मुलाचं. झिजलेलं, पण कडेची चीर आरपार, करडा थर वेडावाकडा, अक्षरांच्या कडेने धातू बाहेरच्या बाजूला पसरल्याच्या बारीक रेघा. ठोक्याखाली चांदी अशी पसरते, साच्यात ओतून हे जमत नाही. खरं मानलं. क्रमांक ६ वर भर्तृदामपुत्र विश्वसेन, पदवी नुसती क्षत्रप. विश्वसेन महाक्षत्रप कधी झालाच नाही, तेव्हा पदवी बरोबर. वर्ष अर्धं चकतीबाहेर. थर, कड, चीर सगळं ठीक. तेही खरं मानलं. दोन्ही नाण्यांची नाणेतज्ज्ञ रॅप्सनच्या १९०८ च्या कॅटलॉगमधल्या नोंदींशी आणि छापील फोटोंशी तुलना करून मगच हे लिहिलं. तो जुना कॅटलॉग आता मोफत मिळतो आणि क्षत्रपांसाठी अजून कामाचा आहे. खऱ्या दोन नाण्यांनी बाकीच्यांना ओढून नेणं, ही विक्रेत्यांची जुनी रीत.

विकणाऱ्याला तिन्ही भावंडांचा एकत्र फोटो पाठवला. “मलाबी तशीच मिळाली, दादा” असं उत्तर आलं. चार परत दिली तर निम्मे पैसे देतो म्हणाला. इथे घरात मतभेद झाले. पोराला पैसे हवे होते. माझं म्हणणं, परत दिलेली नक्कल पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या हातात जाणार. वडिलांनी वाद संपवला: “परत द्याचं न्हाई. आटवू.” ३ आणि ४ खरोखरच मुशीत गेली. १ आणि २ मी मागून घेतली, पण पोराने ती दिली नाहीत. दोन्ही एकाच पाकिटात, वर लाल शाईने ‘नक्कल’ लिहून, त्याने स्वतःकडे ठेवली आहेत. बरोबर केलं. पाकिटावर नक्कल लिहिलेली आणि जोडीने ठेवलेली खोटी नाणी शिकायला खऱ्याइतकीच उपयोगी असतात. एकेकटी आणि बिननावाची ठेवली तर वारसदार ती खरी म्हणून विकतात.

राहिलं क्रमांक ७. वजन १.८८, राजाचा चेहरा जवळजवळ पुसलेला, डोंगर ओळखू येतो, लेखातलं ‘पुत्रस’ तेवढं वाचता येतं. सोन्या-शिशाचा अंश आहे. पण घासून गुळगुळीत केल्याने वरचा थर गेलेला, आणि कडेच्या एका भागावर रेघा आहेत. त्या कानशीच्या की नाणं कधीकाळी कोंदणात बसवून दागिना केल्याच्या, हे आम्हा दोघांना ठरवता आलं नाही. त्याच्या पाकिटावर पोराने लिहिलंय: ‘बहुधा क्षत्रप. राजा वाचता येत नाही. कड संशयास्पद. निकाल नाही.’ नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे किंवा पुढच्या नाणे प्रदर्शनात क्षत्रपांचंच काम करणाऱ्या एखाद्याला ते दाखवायचं ठरलं आहे. तोवर वडील अधूनमधून विचारतात, ते सातवं आटवायचं का. पोरगा अजून नाही म्हणतो.